तू सांगितलं होतंस

सगळं थिएटर रडत होतं आणि मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता. शेजारी आई पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. पुढच्या रांगेतला एक धिप्पाड माणूस, जो इंटरव्हलमध्ये समोसा थंड दिला म्हणून काउंटरवरच्या मुलीला वाट्टेल ते बोलला होता, तोही चष्मा काढून डोळे पुसत होता. पडद्यावर एक म्हातारा बाप कित्येक वर्षं दुरावलेल्या मुलासमोर उभा होता आणि म्हणत होता, "तूने बताया था. मैंने सुना था. और नाम मैंने तेरा ले लिया."

हे वाक्य माझं होतं. ते मला उद्देशून म्हटलं जायला हवं होतं, आणि माझ्या बापाने म्हणायला हवं होतं. नऊ वर्षं मी त्याची वाट पाहत होतो. शेवटी ते ऐकायला मिळालं ते मीरा रोडच्या थिएटरात, रविवारच्या दुपारच्या शोला, भलत्याच माणसाच्या तोंडून. आणि ज्याला उद्देशून ते म्हटलं गेलं तो जेल लावलेल्या केसांचा हिरो होता, ज्याने जन्मात पलंगावरूनही स्वतः उडी मारली नसेल.

माझे बाबा सिनेमात फायटर. फायटर म्हणजे मार खाणारा, आणि हिरोच्या जागी पडणारा. पडद्यावर नाव येतं ते पडणाऱ्याचं नाही, ज्याच्यासाठी पडला त्याचं. बाबा भाईंदर पश्चिमेच्या कोळ्याच्या घरातले, लहानपणापासून खाडीत सूर मारायची सवय. विशीत असताना कुठल्याशा शूटिंगला बोटीवरून उडी मारायला माणूस हवा होता. बाबा गेले, आणि पुन्हा जाळ्याकडे वळले नाहीत. पुढे ते काचेतून पडले, जिन्यावरून पडले, घोड्यावरून पडले. ते कामावरून यायच्या वेळेला आई हळद-तेल गरम करून ठेवायची, दुसऱ्यांच्या घरी चहा ठेवतात तसं.

त्यांचा जोडीदार म्हणजे काका. सख्खे नव्हेत. काशीगावचे, बाबांबरोबर एकाच वर्षी फायटरच्या लाइनमध्ये आलेले. एक वरून पडायचा तेव्हा दुसरा खाली उभा राहायचा, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. बाबांना बहीण नाही म्हणून माझ्या बारशाला कानात नाव सांगितलं ते काकीने, काकांच्या बायकोने. मे महिन्याच्या सुट्टीत मी आमच्या घरापेक्षा काशीगावलाच जास्त असायचो. काकी मला स्वतःच्या मुलासारखं मारायचीसुद्धा.

कॉलेज सोडून मी बाबांच्या ग्रुपमध्ये बॉक्स लावायला लागलो. हे काम थोडं समजावून सांगायला हवं. मोठ्या पिक्चरवाल्यांकडे हवेच्या गाद्या असतात, तारा असतात, सगळं असतं. आमच्या नशिबी पुठ्ठ्याचे रिकामे बॉक्स. त्यांचे एकावर एक थर लावायचे, वर गाद्या, सगळ्यावर ताडपत्री. माणूस वरून पडला की बॉक्स चेपतात, आतली हवा फटींतून निघून जाते, आणि माणूस कपडे झटकत उठतो. पण त्यासाठी बॉक्स उघडे हवेत, झाकणं नुसती दुमडलेली. चिकटपट्टी मारलेला बंद बॉक्स हवा सोडत नाही, दबत नाही. त्याच्यावर पडलेला माणूस मोडतो. हे आमच्या लाइनमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात.

आणि एक रिवाज होता. पडणारा वरून विचारायचा, "लावलं?" बॉक्स लावणाऱ्याने खालून म्हणायचं, "लावलं." मग ग्रुपमधला मोठा माणूस, म्हणजे आमचे बाबा, हात वर करायचा. तो हात वर झाला की कुणी कुणाला काही विचारायचं नाही, पडायचं. काका गंमतीने म्हणायचे, माझा देव देवळात न्हाय, खाली हात वर करून उभा हाय.

तो दिवस असा. हायवेजवळ एक अर्धवट बांधलेली इमारत, तिसऱ्या मजल्यावरून व्हिलनच्या जागी काका पडणार. आमचे बॉक्स कमी पडले म्हणून प्रॉडक्शनवाल्यांनी कुठल्याशा गोदामातून टेम्पोभर नवे मागवले, आणि वेळ वाचवायला त्यांच्याच माणसांनी ते उतरवून खालचे दोन थर लावून टाकले. मी वरचे थर लावले, गाद्या टाकल्या, आणि ताडपत्री ओढताना वाकलो तेव्हा मला खालच्या बॉक्सवरची चकचकीत पट्टी दिसली. एकावर नाही, सगळ्यांवर.

बाबा टेम्पोपाशी उभे होते. मी धावत गेलो. म्हणालो, "बाबा, खालचे दोन थर बंद आहेत. सगळं काढून पट्ट्या कापाव्या लागतील. अर्धा तास द्या."

बाबांनी आधी आकाशाकडे पाहिलं. ऊन उतरलं होतं. डायरेक्टर मघापासून लाइट जातोय, लाइट जातोय म्हणून सगळ्यांच्या आयाबहिणी काढत होता, आणि फाइट मास्टरने सकाळीच बाबांना ऐकवलं होतं की म्हाताऱ्यांचा ग्रुप आता स्लो झालाय, पुढचा पिक्चर दुसऱ्यांना देतो. बाबा म्हणाले, "वरचे उघडे हायत ना? मग चालतंय. जा, जागेवर जा."

मी गेलो. थोड्या वेळाने वरून काकांनी विचारलं, "लावलं?" मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. मी म्हणालो, "लावलं."

हे मी लपवत नाही. मी बावीस वर्षांचा होतो, घोडा झालेला, तोंडात जीभ होती, आणि मी "लावलं" म्हणालो. त्या एका शब्दाचं जे काय माझ्या वाट्याला येईल ते मी घ्यायला तयार होतो आणि आजही आहे. पण जे माझं नव्हतं तेही माझ्याच डोक्यावर ठेवलं गेलं, आणि ठेवणारा माझा बाप होता.

बाबांनी हात वर केला. काका पडले. वरचे थर चेपले, मग दार आपटल्यासारखा आवाज आला. आमच्यात पडलेल्याला पहिला हात द्यायचा तो बॉक्स लावणाऱ्याने. मी हात पुढे केला. काकांनी तो घट्ट धरला, ओढला, पण कमरेखालचं काहीच हललं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, नुसते बघत राहिले.

फाइट मास्टर ओरडत आला, "बॉक्स किसने लगाए?"

बाबा म्हणाले, "मेरे लड़के ने."

आता यात खोटं काय? काहीच नाही. बॉक्सचं काम माझंच होतं. म्हणून तर तळपायाची आग मस्तकात जाते. नंतर आमच्या फायटर लोकांच्या संघटनेच्या ऑफिसात चौकशी झाली. सहा-सात जाणती माणसं खुर्च्यांवर, मी उभा. मी सांगितलं की खालचे थर मी लावलेले नव्हते, ते बंद आहेत हे मी बाबांना आधी सांगितलं होतं, आणि तरी त्यांनी हात वर केला. त्यांनी बाबांना विचारलं, मुलाने सांगितलं होतं का? बाबा स्वतःच्या चपलांकडे बघत होते. म्हणाले, "याद नहीं."

माझा तिथला जन्म तिथेच संपला. चूक करतो आणि वर बापावर ढकलतो, अशा मुलाला कोण ठेवणार? मी त्याच आठवड्यात घर सोडलं. तिसरा मजला, आकाश, टेम्पो, आईने डब्यात दिलेली बोंबलाची चटणी, सगळं चौकशीत सांगता आलं होतं या माणसाला. फक्त मी बोललेली दोन वाक्यं आठवत नव्हती!

काकांचे पाय गेले ते गेलेच. मी काशीगावला गेलो तेव्हा काकी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "माझ्या माणसाला पाडलंस ते पाडलंस, वर बापाचं नाव घेतोस? लाज न्हाय वाटत? या उंबऱ्याच्या आत पाय टाकू नको." आणि दार लावलं. काकीने मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी पुन्हा पुन्हा गेलो, दिवाळीला गेलो, काकांना ताप आला कळलं तेव्हा गेलो. दार उघडायचं, मला बघून बंद व्हायचं. माझ्या लग्नाची पत्रिका मी स्वतः देऊन आलो होतो, म्हणजे दाराच्या फटीत ठेवून आलो होतो. ती चौथ्या दिवशी परत आली, कोपऱ्यावरच्या हळदकुंकवासकट.

बाबा लग्नाला आले. अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. तेव्हापासून बाप-लेकात बोलणं असं नाहीच. मी पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायला शिकलो, मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये एक खोली-स्वयंपाकघर घेऊन राहतो. दिवसभर लोकांच्या ओट्याखाली वाकून काम. गिऱ्हाइकं बरी आहेत, बायको चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. एकच हवं होतं. बाबांनी एकदा काशीगावला जाऊन काकीच्या दारात उभं राहून सांगावं की पोराने मला सांगितलं होतं. बस. मला काम परत नको होतं, लाइनमधली इज्जत नको होती. मला ते दार उघडायला हवं होतं. आईमार्फत मी हा निरोप किती वेळा पाठवला असेल. उत्तर ठरलेलं, "ते काय बोलतच न्हायत रे."

आणि मग हा पिक्चर. बाबांना या वयात काम मिळालं, कारण यात बापाची भूमिका करणारा नटही म्हातारा होता आणि मारामारीत त्याच्या जागी तशाच अंगाचा म्हातारा हवा होता. आई दोन महिने आधीपासून मागे लागली होती, बाबांचा पिक्चर येतोय, मला घेऊन चल. मी तिच्यासाठी गेलो.

गोष्ट काय, तर बाप क्रेनचा मोठा कंत्राटदार, मुलगा सांगतो की दोर खराब आहे, बाप ऐकत नाही, माणसं मरतात, बाप पोलिसांना मुलाचं नाव सांगतो, मुलगा घर सोडतो, आणि बऱ्याच वर्षांनी बाप कबूल होतो. इथपर्यंत मला दरदरून घाम फुटला होता. "मैंने सुना था" हे कुणाला माहीत असणार? मी सांगितलं होतं हे मी जगाला ओरडून सांगितलंय. पण त्यांनी ऐकलं होतं, त्यांना आठवत होतं, हे फक्त बाबांना माहीत.

आणि पुढचं ऐका. एवढं कबूल केल्यावर पुढच्या मिनिटाला कोण कुणाच्या पाया पडलं असेल? मुलगा बापाच्या! हिरो धाडकन बापाच्या पायांवर कोसळला आणि म्हणाला, "मुझे माफ कर दीजिए, पापा." कशाबद्दल माफी? खरं बोलल्याबद्दल? आणि इकडे लोक हुंदके देतायत. एकालाही वाटू नये की अरे, हे उलटं चाललंय! आपल्याकडे बापाने तोंडातून "चुकलं" एवढा शब्द काढला की तो लगेच देव होतो, आणि मुलाने तेवढी वर्षं जे काढलं त्याची किंमत शून्य.

मग दोघांनी मिळून कंटेनर यार्डात पन्नास गुंडांना लोळवलं. तिथे मात्र माझी नजर हलेना. म्हातारा क्रेनवरून झोकून देऊन मुलाला वाचवतो, त्या शॉटमध्ये फक्त पाठ दिसते. ती पाठ बाबांची होती. डावा खांदा थोडा उतरलेला, घोड्यावरून पडले होते तेव्हाचा. कुणा परक्याच्या मुलाला वाचवायला माझा बाप जीव खाऊन पळत होता आणि मी शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होतो. त्याचाही मला राग आला.

बाहेर पडल्यावर मी आईला म्हणालो, "ते वाक्य बाबांचं आहे."

आई म्हणाली, "सेटवर एक लेखकाचा असिस्टंट होता. त्याला सांगितलं म्हणाले सगळं. घरी येऊन त्या दिवशी जेवले न्हायत."

"तुला माहीत होतं? म्हणून मला इथे आणलंस?"

"मग काय करू? तू त्यांचं ऐकायला येत न्हायस, ते तुला सांगायला जात न्हायत. म्हटलं पिक्चरमध्ये तरी ऐकशील." आणि ती पुन्हा रडायला लागली. तिच्या अंगावर ओरडायचं मी कसंबसं गिळलं आणि रिक्षा थांबवली.

भाईंदरच्या घरात बाबा पंख्याखाली बसून सुकट निवडत होते. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर सुकटीचा ढीग. मी किती वर्षांनी त्या घरात पाय ठेवत होतो, पण त्यांनी मान वर करून असं पाहिलं जसं काही मी कोपऱ्यावरून पाव घेऊन आलोय.

"बघितलास?" ते म्हणाले. "क्रेनचा शॉट एका टेकमदी दिला."

"ते वाक्य कुणाचं, बाबा?"

"कुठलं?"

"कुठलं ते तुम्हाला माहीत आहे."

ते सुकट निवडत राहिले. "सेटवर दिवस दिवस बसवून ठेवतात. तो पोरगा चांगला होता. विचारलं त्याने, तुमचा मुलगा काय करतो. बोललो."

"त्याला बोललात. मला का नाही बोललात?"

"तुला काय बोलायचं?" ते म्हणाले. "तुला माहीतच हाय की."

माझ्या हातून काहीतरी फुटलं असतं. शांतपणे बोललेलं हे वाक्य मी कितीदा तरी मनात उलटसुलट करून पाहिलंय, त्यात कुठे वाईटपणा सापडतो का म्हणून. नाही सापडत. ते खरंच तसं समजत होते. ज्याला माहीत आहे त्याला कशाला सांगायचं, असा त्यांचा हिशोब.

"मला माहीत आहे. काकीला नाही," मी म्हणालो. "उठा. काशीगावला चला."

"आता नऊ वर्सांनी? काय उपयोग हाय?"

मी काही बोलायच्या आत आई आतून आली. तिने खुंटीवरचा त्यांचा पांढरा शर्ट काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "घाला," ती म्हणाली. मी तिला त्यांना असं सांगताना कधी ऐकलं नव्हतं. बाबांनी हात धुतले आणि शर्ट घातला.

रिक्षात आम्ही दोघं दोन कडांना. मधे अजून एक माणूस बसेल एवढी जागा. मेट्रोच्या खांबांखाली गाड्या अडकल्या होत्या. बराच वेळ गेल्यावर बाबा बाहेर बघत म्हणाले, "तू पण 'लावलं' बोललास."

"बोललो. ते मी आज सांगणार आहे. तुम्ही तुमचं सांगा."

काकीने दार उघडलं. बाबांना बघून हसली, मला बघून तिचं तोंड दगडासारखं झालं. "याला कशाला आणलंत, भावजी?"

"येऊ दे," बाबा म्हणाले. आणि मी आत गेलो. खोली तीच, नवी फरशी बसवलेली. काका खिडकीपाशी खाटेवर, कमरेपर्यंत चादर, खूप वाळलेले. बाबा त्यांच्या खाटेजवळच्या खुर्चीवर बसले. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. बाबा इथे दर महिन्याला येत होते, हे मला नंतर कळलं. येऊन बसत होते, चहा पीत होते.

बाबा बोलले. मोठ्याने नाही, पण बोलले. "वहिनी, या पोराने सांगितलं होतं मला. खालचे बॉक्स बंद हायत म्हणून. मी बोललो, चालतंय. आणि हात वर केला. ऑफिसात आठवत न्हाय बोललो, ते खोटं बोललो."

मी म्हणालो, "आणि काकी, बंद आहेत हे माहीत असून मी वर 'लावलं' म्हणून सांगितलं. तेवढं माझं."

काकी उभीच होती. तिला कळायला वेळ लागत होता. तेवढ्यात खाटेवरून काका म्हणाले, "मला माहीत हाय."

"आता ऐकलंत म्हणून," मी म्हणालो.

"न्हाय रे. तेव्हापासून. टेम्पोच्या पलीकडं बसून मी गुडघ्याला पट्टी बांधत होतो. तुमचं दोघांचं ऐकलं मी."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकतोय. "ऐकलंत? मग पडलात कशाला?"

"तुझ्या बापाने हात वर केला," काका म्हणाले, जसं काही यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

"आणि नंतर? चौकशीत? ही मला दारातून हाकलत होती तेव्हा? तेव्हा का तोंड उघडलं नाहीत?"

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा फरशीकडे बघत होते. "याचं नाव गेलं असतं तर सगळा ग्रुप बसला असता. दहा घरं होती," काका म्हणाले. "तू तरणा. तुला दुसरं कायतरी मिळालंच असतं. मिळालं ना?"

ज्याचे पाय गेलेत अशा माणसावर ओरडू नये, मला कळतं. मी ओरडलो. इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारची बाई दारात आली. मी म्हणालो की मिळालं, हो, मिळालं, पण तुम्ही दोघांनी मला विचारलं होतं का? एकदा तरी म्हणाला असतात की पोरा, आमच्यासाठी एवढं डोक्यावर घे, तर मी घेतलं असतं, हसत घेतलं असतं! तुम्ही मागितलं नाहीत. तुम्ही माझ्यावर टाकलंत आणि इथे बसून चहा प्यायलात. काका चादरीची कड बोटांनी चुरगळत होते.

तेव्हा काकी बोलली. काकांना उद्देशून, अगदी हळू. "याच्या लग्नाची पत्रिका आली होती. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

काकांनी खिडकीकडे तोंड वळवलं.

"मी ती हळदकुंकवासकट परत पाठवली. तुम्ही या खाटेवरून बघत होता. तेव्हा माहीत होतं?"

"होतं," काका म्हणाले.

काकी माझ्याकडे आली. मला वाटलं, मारणार. तिने माझ्यापुढे हात जोडले. "माझं चुकलं रे, बाळा," ती म्हणाली. "माझं चुकलं." मी तिचे हात धरून खाली केले. तिने पुन्हा जोडले. मी पुन्हा धरले. जिने माझ्या कानात माझं नाव सांगितलं होतं ती बाई माझ्यापुढे वाकत होती, आणि त्या खोलीतल्या माणसांत खोटं न बोललेली तेवढी एकटीच होती. मला ती आवरेना.

मी वळून म्हणालो, "बघत काय बसलाय? उठा ना कुणीतरी!"

काकांना उठता येत नाही. बाबांना येतं. ते बसून राहिले.